न दिसणाऱ्या जीवावर दया कशी करावी?

भाविक वाचकहो, दयेविषयी कीर्तनात बोलणे सोपे आहे. आम्ही चाळीस वर्षे बोलत आलो. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आम्ही किती सप्ताहांत सांगितली असेल याची गणती नाही. श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते, आमच्याही येते. परंतु त्या कथेतील एक गोष्ट आमच्या ध्यानात कधी आली नव्हती. ते गाढव नाथांच्या डोळ्यांपुढे तडफडत होते. ज्याची तडफड दिसत नाही, ज्याला ओरडता येत नाही, जो आपल्या पायाखाली आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या वाट्याला आपली दया येते काय? हा प्रश्न आम्हांला कोणा पंडिताने घातला नाही. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान अशा एका गोगलगायीने घातला. ती हकीकत सांगतो. तीत आमचा दोष आहे, तोही झाकून ठेवीत नाही.

२०२३ साली श्रावण अधिक आला होता. त्या अधिक श्रावणात घाटाच्या तोंडाशी वसलेल्या एका गावी सप्ताहासाठी आम्ही गेलो होतो. गावाबाहेर कड्याच्या पोटाशी एक लहानसे देऊळ आहे. देवळाशेजारीच कड्यावरून पाणी उतरते. फार मोठा धबधबा नव्हे. काळ्या कातळावरून पाण्याची पातळ चादर सरकत येते आणि तुषारांनी सारा खडक भिजलेला राहतो. येणारेजाणारे तेथे पाय धुतात आणि दर्शनाला जातात. कातळावर शेवाळ, त्यामुळे पाय घसरतात. आदल्या वर्षी गावातील एक म्हातारी आजी तिथेच पडली, तिचे खुब्याचे हाड मोडले, ती पुन्हा उठून चालली नाही.

म्हणून मंडळींनी बेत केला. पाऊस सरला की सारा कातळ खराट्याने घासायचा, ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ मुळासकट काढायचे, वर चुना फासायचा, आणि त्या पांढऱ्या कातळावर ऑइलपेंटने पुरुषभर उंचीच्या अक्षरांत भगवंताचे नाव लिहायचे. खाली देणगीदाराचे नाव. अधिक महिन्यातील दानाचे पुण्य मोठे, तेव्हा एक गृहस्थ सारा खर्च द्यायला पुढे आले होते. आम्ही काल्याच्या कीर्तनात हा संकल्प जाहीर करावा, एवढेच मागणे होते. आम्ही तत्काळ होकार दिला. म्हातारीकोतारीचे पाय वाचतात आणि कड्यावर नाम झळकते; यात न पटण्यासारखे काय होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या एका टाळकऱ्याचा नातू आमच्याकडे आला. मुलगा पुण्यास कॉलेजात प्राणिशास्त्र शिकतो. म्हणाला, "महाराज, जरा कड्यापाशी येता का? एक दाखवायचं आहे." आम्ही छत्री घेऊन निघालो. त्याने खिशातून भिंग काढून आमच्या हाती दिले आणि कातळाच्या एका कपारीकडे बोट दाखविले. प्रथम काही दिसेना. काळ्या दगडावर काळपट ठिपके, एवढेच. मग त्यांतील एक ठिपका हलला. लहानसा शंख, पीळदार, आणि त्याच्या तोंडातून पुढे आलेली दोन नाजूक शिंगे. वरून पाणी वाहते आहे, खडक उभा आहे, आणि हा जीव त्या खडकाला धरून शेवाळ खरवडीत पुढे सरकतो आहे. बाजूला आणखी एक, पलीकडे चार. ज्या कातळाला आम्ही नुसता दगड समजत होतो, तो वसलेला गाव निघाला.

मुलाने जे सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो. हा आपल्या परसातला गोगलगायीचा प्रकार नव्हे. हिचे सारे भाऊबंद समुद्राचे. कोकणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांना जे बारीक शंख चिकटलेले असतात, त्या कुळातली ही. त्या सबंध कुळात समुद्राचे खारे पाणी सोडून गोड्या पाण्यावर राहणारी एवढी एकच शाखा, आणि तीही जगात फक्त आपल्या पश्चिम घाटात. विल्यम ब्लॅनफर्ड नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ भारताच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात होते. त्यांनी १८६३ साली हिच्या एका जातीला नाव दिले, ते आपल्या सह्याद्रीवरून. पुढे १८६९ साली साऱ्या गणाला नाव दिले क्रेम्नोकाँकस. ग्रीक भाषेत याचा अर्थ कड्यावरचा शंख. २०१३ साली रीड, अरविंद आणि मध्यस्थ या तीन अभ्यासकांनी कर्नाटकातील सहा नव्या जाती उजेडात आणल्या, त्यांतील एकीच्या नावात हनुमंत आहे. आपल्या महाराष्ट्रातील तीन धरून एकंदर नऊ. समुद्रसपाटीपासून ३०० ते १४०० मीटर उंचीच्या उभ्या कड्यांवर, जिथे पाणी झिरपते किंवा तुषार उडतात, तिथेच यांचा संसार. विहिरीत नाही, तळ्यात नाही, नदीच्या पात्रात नाही. पाऊस संपून कातळ वाळला की हा जीव फटीत शिरतो, शंखाच्या दाराला असलेली झाकणी ओढून घेतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहतो.

आम्ही लहानपणी पाठशाळेत अमरकोश घोकला. त्यात वारिवर्गात शंखाची नावे येतात, आणि लहान शंखाला शंखनख असा शब्द येतो. पाठ होता, अर्थही ठाऊक होता. वस्तू मात्र साठी उलटल्यावर पाहिली. आमच्या विठुरायाच्या कटावरील हाती शंख आहे. तो शंख म्हणजे तरी काय? समुद्रातल्या एका गोगलगायीचे घरच ते. देवाने ज्याचे घर हाती धरले, त्याच जातकुळीचा एक लहान जीव सह्याद्रीच्या कड्यावर बसला आहे. ज्या सह्याद्रीतून आमची भीमा निघते, इंद्रायणी निघते, नीरा निघते, त्याच सह्याद्रीचा तो रहिवासी. आणि आम्ही त्याच्या घरावर देवाचे नाव लिहिण्यासाठी त्याला ब्लीचिंग पावडरने धुऊन काढणार होतो.

मुलगा म्हणाला, "महाराज, हा कडा धुतला की संपलं. यांना इथून दुसऱ्या कड्यावर जाता येत नाही. मधलं रान यांना ओलांडवत नाही."

आम्ही हसून म्हटले, "अरे, एवढासा जीव. हजारोंनी असतील इकडेतिकडे."

"असतील किंवा नसतील. इथं कुणी मोजलेच नाहीत, महाराज."

हे 'मोजलेच नाहीत' आमच्या मनाला लागले. आता या प्रश्नाचा शास्त्ररीतीने विचार करू. आधी पूर्वपक्ष मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही.

पहिला पूर्वपक्ष असा की, हिंसा ही हेतूवर ठरते. मंडळींचा हेतू गोगलगायी मारण्याचा नव्हता, म्हातारीला वाचविण्याचा होता. शिवाय जगणे म्हटले की हिंसा आलीच. धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरी पंचसूना सांगितल्या आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी न कळत जीव मरतात. म्हणून काय कोणी चूल पेटवायची नाही?

दुसरा पूर्वपक्ष एका शेतकऱ्याने आमच्या तोंडावर मांडला. "महाराज, गेल्या साली लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. लोकांनी दुबार पेरणी केली. माझे व्याही त्यात बुडाले. आणि तुम्ही गोगलगायीची कड घेता?" तो २०२२ सालाविषयी बोलत होता, आणि जे बोलत होता ते खरे होते.

तिसरा पूर्वपक्ष त्या आजीच्या लेकीचा. ती काही वाद घालायला आली नव्हती. नुसती म्हणाली, "आमच्या आईपरीस तो किडा मोठा का हो?" या प्रश्नाला तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही मान खाली घातली.

आता सिद्धांत. पंचसूना सांगणाऱ्या शास्त्राने तेवढ्यावर थांबून 'चालायचेच' असे म्हटलेले नाही. त्या दोषाच्या निवारणासाठी रोजचे पाच महायज्ञ लावून दिले, आणि त्यांत भूतयज्ञ म्हणजे इतर प्राण्यांचा वाटाही आहे. याचा अर्थ असा की, अजाणता घडलेल्या हिंसेचा हिशेब शास्त्र मांडते. तो अजाणतेपणा आहे म्हणून दोष हलका होतो, नाहीसा होत नाही. शिवाय चूल, जाते, पाणी या पाचही गोष्टी पोटाच्या आहेत. भूक ही गरज आहे. कातळावर पुरुषभर अक्षरे ही गरज नव्हे. शेतकरी आपले पीक राखतो ते पोटासाठी. ती शंखी गोगलगाय आफ्रिकेतून आलेली आहे, जाईल तिथे फोफावते. कड्यावरची बिचारी ना कोणाच्या शेतात येते ना कोणाचे पान खाते. गोगलगाय हा शब्द एक, म्हणून दोघींना एका दोषात बांधणे म्हणजे वाघाच्या गुन्ह्यासाठी मांजराला दंड करणे होय.

पण खरा मुद्दा याहून खोल आहे. पतंजलींनी अहिंसेला महाव्रत म्हटले ते केव्हा? तर जाति, देश, काल आणि समय या चार मर्यादा तिला नसतील तेव्हा. भाष्यकारांनी कोळ्याचे उदाहरण दिले आहे. तो म्हणतो, मी मासे सोडून दुसऱ्या कोणाला मारणार नाही; ही जातीची मर्यादा. तीर्थात मारणार नाही, ही देशाची. चतुर्दशीला मारणार नाही, ही काळाची. आम्ही हे पाठशाळेत वाचले आणि मनात म्हटले, कोळी भोळा खरा. आज वाटते, आम्ही त्याच्याहून भोळे. आमच्या दयेला आम्ही पाचवी मर्यादा घालून बसलो होतो: जो दिसेल त्याच्यावरच. आणि ती मर्यादा आहे हेही आम्हांला ठाऊक नव्हते. कोळ्याला निदान आपली मर्यादा माहीत होती.

येथे न्यायशास्त्राची एक गोष्ट उपयोगी पडते. भुईवर घट नाही हे कशावरून कळते? दिसत नाही यावरून. पण नैयायिक लगेच अट घालतात: ती वस्तू दिसण्याजोगी असली पाहिजे, उजेड पाहिजे, नजर पाहिजे, एवढे असून दिसली नाही तरच ती नाही असे म्हणावे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे कोणी म्हणू नये. मग चैत्र-वैशाखात वाळलेल्या कातळाकडे वाटेवरून एक नजर टाकून 'इथे काय आहे, नुसता दगड' असे म्हणणे हे कोणते प्रमाण? जीव त्या वेळी फटीत दार लावून बसलेला असतो. नाही असे ठरविण्याआधी पाहिलेच नाही, ही आमची अडचण. अजाणतेपण आणि जाणून घेण्याची टाळाटाळ या दोहोंत अंतर आहे. पहिल्याला देव क्षमा करील. दुसरे आम्ही स्वतः निवडलेले असते.

आता आमचा दोष. २०१९ सालच्या वैशाखात, असाच झिरपता कडा असलेल्या दुसऱ्या एका गावी, आम्ही स्वतः व्यासपीठावरून आवाहन केले होते. आमच्या शब्दावर एका संध्याकाळीत पैसे जमले. तो कातळ घासला, धुतला, चुन्याने रंगविला, त्यावर नाम लिहिले. आम्ही त्या पुढे उभे राहून फोटोही काढून घेतला. सप्ताह आटोपल्यावर आम्ही त्या मुलाला बरोबर घेऊन त्या गावी गेलो. पाऊस चांगला होता, पाणी झिरपत होते. दोन तास आम्ही दोघे भिंग घेऊन एकेक कपार पाहत होतो. एकही दिसली नाही.

आम्ही विचारले, "बाळ, इथे आधी होत्या का रे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सांगता येत नाही, महाराज. आधी कुणी पाहिलंच नव्हतं."

वाचकहो, कोणी जर म्हणाला असता की तुमच्या शब्दाने इतके जीव मेले, तर आम्ही प्रायश्चित्त विचारले असते. कोणी म्हणाला असता की तेथे काही नव्हतेच, तर निश्वास सोडला असता. दोन्ही मिळाले नाही. आम्ही नुसता चुना फासला नव्हता, आम्ही पुरावाही धुऊन काढला होता. पाप घडले की नाही हे कळण्याची वाटसुद्धा आमच्याच हाताने बंद झाली. त्या रात्री आम्ही ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढला. अहिंसा या एका शब्दावर माउली किती थांबतात, पाऊल कसे टाकावे इथपर्यंत कसे सांगतात, हे आम्ही अनेकदा निरूपिले आहे. पण त्याच ठिकाणी खोट्या अहिंसेचा समाचार घेताना देऊळ मोडून त्याच दगडांनी देवाला आवार घालणाऱ्याचा दृष्टांत माउलींनी दिला आहे, तो त्या रात्री आमच्या अंगावर आला. इतकी वर्षे तो आम्ही दुसऱ्यांना सांगत होतो.

मधली हकीकत सांगायची राहिली. त्या अधिक श्रावणातील काल्याच्या कीर्तनात आम्ही संकल्प जाहीर केला नाही. श्रोत्यांना सरळ सांगितले की आम्ही होकार दिला होता, तो परत घेतो, आणि का घेतो ते ऐका. मुलाला बोलावून व्यासपीठाशेजारी उभे केले. भिंग श्रोत्यांतून फिरले; दुपारी निम्मा गाव कड्यापाशी होता. पोरे मोजू लागली, भांडू लागली, पुन्हा मोजू लागली.

आजीच्या लेकीला उत्तर द्यायचे होते. तिची आई मोठी, यात शंका नाही. पण आईचा पाय वाचविण्यासाठी सारा कडा मारावा लागत होता काय? मंडळींसह जागा पाहिली. शेवाळ घसरडे होते ते पाय धुण्याच्या हातभर जागेत. पाणी कड्याचा पायथा सोडून जिथे सपाटीला लागते, तिथे खडबडीत दगडाच्या चार पायऱ्या बसविल्या, बाजूला लोखंडी कठडा लावला. उभ्या कातळाला कोणी हात लावला नाही. खर्च आधीच्या बेताच्या निम्म्याहून कमी आला. लेक स्वतः कठडा धरून उतरून पाहून आली आणि म्हणाली, "हे आधीच का नाही केलं?" आम्हांला वाटते, धर्माच्या बाबतीतले बरेचसे पेच असेच असतात. इकडे माणूस, तिकडे किडा, असा तराजू आपण घाईने टांगतो. जागेवर जाऊन नीट पाहिले तर पुष्कळदा दोघांनाही पुरेल एवढी वाट निघते. नाही निघाली, तर मग माणसाला आधी वाचवावे, आणि जे गेले त्याचे नाव घेऊन गेले असे म्हणावे. पाहण्याआधीच तराजू टांगू नये, एवढेच आमचे म्हणणे.

सारेच गोड झाले असे मात्र नाही. देणगीदार गृहस्थ रुसले. त्यांचे म्हणणे असे की महाराजांनी चारचौघांत आमचा संकल्प मोडला. ते एका अर्थी बरोबर होते. आम्ही आधी त्यांच्या घरी जाऊन सांगायला हवे होते. जिवाची दया शिकताना माणसाचे मन दुखवले, हाही दोष आमच्या खात्यावर आहे. पुढच्या वर्षी त्या गावच्या सप्ताहाचे निमंत्रण आम्हांला आले नाही. पायऱ्या मात्र आहेत, आणि कड्यावर कोणी चुना लावलेला नाही.

कोणी अजून विचारील, या जीवाचा उपयोग काय? आम्हांला ठाऊक नाही, आणि उपयोगावर जगण्याचा अधिकार ठरत असेल तर आमच्यासारख्या म्हाताऱ्या कीर्तनकाराने जपूनच बोललेले बरे. आपण सर्वांभूती भगवंत म्हणतो. त्यात 'उपयोगी पडणारी भूते' असा भेद कोणा संताने केलेला आम्ही वाचला नाही. जगातील संकटग्रस्त जीवांच्या लाल यादीत सह्याद्रीच्या नावाचा हा लहान शंख आहे. यादी लिहिणाऱ्यांनी आपले काम केले. आपल्या गावच्या कड्यावर कोण राहते हे पाहणे मात्र आपलेच काम आहे. ते दुसरा कोणी करून देणार नाही.

म्हणून आम्ही एक नेम धरला आहे. कोठे देवकार्यासाठी दगड फोडायचा, झरा बांधायचा, कातळ रंगवायचा असे ठरले आणि आमचा शब्द मागितला, तर आम्ही आधी विचारतो: तिथे कोण राहते, पाहिले काय? भर पावसात पाहिले काय? 'नाही' म्हणाले तर आमचा शब्दही थांबतो. भिंग आता आमच्या पडशीत टाळांशेजारी असते.

आणि दर श्रावणात एक दिवस आम्ही २०१९ च्या त्या पांढऱ्या कातळापाशी जातो. चुना पावसाने उतरू लागला आहे, नामाची अक्षरे पुसट झाली आहेत, खालून काळा दगड दिसू लागला आहे. शेवाळ परत आले. शंख अजून दिसलेला नाही. मुलगा म्हणतो, शेजारी कुठे वस्ती उरली असेल तरच काही आशा. आम्ही भिंग काढतो, एकेक कपार पाहतो, आणि परत येतो.

रामकृष्णहरि.